रांगेतला शेवटचा माणूस

जेवणाच्या सुट्टीत ती कचेरीतून बाहेर पडली, दिवा हिरवा झाला म्हणून रस्ता ओलांडायला निघाली, आणि निम्म्या रस्त्यात तिला चालता येईना. पाय दुखत नव्हते, चक्कर आली नव्हती. उजवा पाय पुढे जातो तेव्हा कुठला हात पुढे जातो, एवढाच विचार डोक्यात आला होता. पण तो आला आणि दोन्ही हात परक्याचे असल्यासारखे लोंबत राहिले. तिने मुद्दाम उजवा पाय टाकला, तर त्याच्याबरोबर उजवाच हात पुढे आला. तो मागे घेऊन डावा पुढे केला, तर पाऊल अडलं. मागून येणारी माणसं बाजूने निघून गेली, कुणीतरी ‘अहो, चला की’ म्हणालं, दिवा बदलला, गाड्यांनी एकच गलका केला. शेवटी पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून, हातांचा प्रश्नच मिटवून ती पलीकडे पोचली. जी गोष्ट जन्मभर विचार न करता जमली, ती एका वाक्याने बिघडली होती. भीती वाटायला हवी, असं तिला वाटलं, पण भीती वाटली नाही. सकाळपासून काहीच वाटत नव्हतं. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच आहे हे बोटाने चाचपून पाहावं लागतं, तसं चाललं होतं.

ते वाक्य सकाळच्या बैठकीतलं होतं. शाळेची पाठ्यपुस्तकं करणाऱ्या कार्यालयात ती चित्रकार होती, आणि विज्ञानाच्या पुस्तकाची नवी आवृत्ती समितीपुढे होती. उत्क्रांतीच्या धड्यावर गाडी येऊन थांबली तेव्हा प्राध्यापिका बाईंनी पुस्तक उघडून टेबलाच्या मधोमध सरकवलं. धड्यातलं चित्र तिचंच, नोकरीच्या पहिल्या वर्षी काढलेलं. डाव्या कडेला चार पायांवर ओणवा प्राणी, मग जरा उठलेला, मग आणखी जरा, आणि उजव्या कडेला ताठ चालणारा माणूस. कागद बदलला, रंग बदलले, धड्यातले शब्द तीनदा बदलले, चित्र तेच राहिलं. चांगलं होतं म्हणून नव्हे, कुणी त्याच्याकडे पाहतच नव्हतं म्हणून. बाई तरुण होत्या, चिडक्या होत्या, आणि बोलताना पेन टेबलावर आपटायच्या. ‘ही रांग म्हणजे गुन्हा आहे,’ त्या म्हणाल्या. ‘उत्क्रांती म्हणजे बसथांब्यावरची रांग नव्हे, की पुढचा चढला आणि मागचा घरी गेला. माकडं आपले आजोबा नाहीत, चुलतभावंडं आहेत. दरवर्षी पोरं मला विचारतात, मॅडम, मग आताची माकडं माणसं का होत नाहीत? का विचारतात? ह्या चित्रामुळे.’ मग पेनाचं टोक त्यांनी शेवटच्या आकृतीवर ठेवलं. ‘आणि हा गृहस्थ तर चालूच शकत नाही. उजवा पाय पुढे आणि उजवाच हात पुढे. असा उंट चालतो.’ अध्यक्ष निवृत्तीनंतर समित्यांवर जगणारे गृहस्थ होते, त्यांना हसायला निमित्तच हवं होतं. ‘म्हणजे आपण माकडापासून निघालो आणि उंटापर्यंत पोचलो म्हणायचं,’ ते म्हणाले. सगळे हसले. तीही हसली. हसताना ती त्या माणसाच्या खांद्याकडे पाहत होती, कारण तो खांदा तिच्या वडिलांचा होता.

बाबा कवळ्या बनवायचे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चालायचं. मेणाचा वास, प्लास्टरची पांढरी भुकटी, आणि फळीवर ओळीने मांडलेले हसरे जबडे. ते धार्मिक होते, पण कपाळाला आठ्या घालून नव्हे. आठवड्याच्या उपासनेला ग्रंथवाचन त्यांच्याकडे असायचं, आणि सृष्टीच्या उत्पत्तीचा पहिला अध्याय तर ते पानाकडे न पाहता म्हणायचे. जेवताना, बोलताना त्यांचा आवाज साधाच असे. वाचायला उभे राहिले की तोच आवाज कुठून तरी खालून यायचा आणि शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हातारीलाही पोचायचा. तिला लहानपणी वाटायचं, हे सगळं, म्हणजे डोंगर, पाणी, मुंग्या वगैरे, बाबांनी म्हटलं म्हणून झालंय. मग ती मोठी झाली आणि विश्वास गेला. कुणाशी वाद होऊन गेला नाही, पुस्तक वाचूनही नाही. जुनं दुखणं बरं होतं आणि कधी बरं झालं ते सांगता येत नाही, तसा गेला. बाबांशी वाद व्हायचे ते नंतर, आणि तेही जेवणाच्या टेबलावर, गमतीचे. ‘आपोआप आले म्हणे दात!’ बाबा म्हणायचे. ‘मग मला एका कवळीसाठी माणसाला चार-चारदा का बोलवावं लागतं? मी तर डोळे उघडे ठेवून काम करतो.’ ती म्हणायची, ‘मग अक्कलदाढ कशाला दिली तुमच्या कर्त्याने? जागा नाही, उपयोग नाही, नुसता ताप.’ त्यावर बाबा घास गिळून शांतपणे म्हणायचे, ‘आमच्या धंद्याची सोय केली त्याने.’ आई दोघांनाही वाढत असायची आणि म्हणायची, वाद जेवून घाला, अन्न निवतंय. त्या वादात कुणी हरलं नाही. हरायला कुणी खेळतच नव्हतं.

चित्रासाठी माणूस हवा होता तेव्हा पैसे देऊन माणूस बसवण्याची कार्यालयाची ऐपत नव्हती. घरचीच माणसं उभी करायची, अशी तिथल्या चित्रकारांची रीतच होती. भूगोलातला शेतकरी म्हणजे एका चित्रकाराचा मेव्हणा होता आणि नागरिकशास्त्रातला मतदार म्हणजे शिपाई. तिने बाबांना स्पष्ट सांगितलं होतं. काही लपवलं नव्हतं. ‘तुम्ही शेवटी असाल आणि तुमच्या मागे माकडं असतील,’ ती म्हणाली होती. बाबांनी हातातला जबडा खाली ठेवला, चष्मा कपाळावर चढवला. ‘मागे कोण उभं आहे ते मी कशाला बघू? मी पुढे बघतोय ना?’ मग शर्ट काढून ते खोलीच्या मधोमध उभे राहिले. आईने पडदे ओढले आणि म्हणाली, ‘बनियन तरी राहू द्या अंगात, लोकांची पोरं बघणार आहेत.’ बनियन राहिला नाही. ‘चाला,’ ती म्हणाली. ‘चालू की थांबू?’ बाबांनी विचारलं. ‘चालता चालता थांबा.’ ते चालता चालता थांबले. असं थांबायला सांगितलं की माणसाचं अंग गोंधळतं, उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे जातो. शाळेच्या कवायतीत नाही का एखादा मुलगा नेहमी तसा चालतो. तिच्या ते लक्षात आलं नाही. ती खांदा बघत होती, बरगड्यांवरचा उजेड बघत होती. बाबांचं उघडं अंग तिने त्याआधी इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं, आणि ते इतकं किरकोळ असेल असं वाटलं नव्हतं. हात भरून आला तरी बाबांनी तो खाली घेतला नाही. ‘झालं?’ म्हणून मध्ये मध्ये विचारत होते, तेसुद्धा ओठ न हलवता.

पुस्तक शाळांत गेलं आणि पंधरवड्यात पोरांनी ओळखलं. कवळीवाले काका माकडांच्या रांगेत. पोरं खुशीत होती. एकाने सही मागितली, बाबांनी दिलीही. मग उपासनेच्या ठिकाणचे त्या वेळचे प्रमुख घरी आले, पाणी प्यायले, आणि म्हणाले की काही दिवस वाचन दुसऱ्या कुणाकडे देऊ. लोक जरा नाराज आहेत, शमेल सगळं. बाबा बरं म्हणाले. पुढच्या आठवड्यापासून ते शेवटच्या रांगेत बसायला लागले, म्हातारीच्या शेजारी. ते ‘काही दिवस’ अजून संपले नव्हते. प्रमुख गेले, म्हातारी गेली, आई गेली. बाबा दर आठवड्याला जात राहिले, दुसऱ्याचं वाचन ऐकत राहिले, आणि घरी येऊन त्याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. आई मात्र बोलली होती, एकदाच, भांडी आवरताना. ‘त्यांचा आवाज गेला असता तरी चाललं असतं गं. आवाज आहे आणि गप्प बसवलंय.’ तेव्हा तिला खूप वाटलं होतं, इतकं की तिने राजीनामा लिहिला होता आणि बाबांनीच तो फाडला होता. पण कुठलीही गोष्ट इतकी वर्षं वाटत राहत नाही. चित्र दर आवृत्तीत छापून येत होतं, ती त्यावर सही करत होती, आणि सही करताना काही वाटायचं बंद झालं ते कधी बंद झालं, हेही आता आठवत नव्हतं.

काल संध्याकाळी सचिव घरी आले होते. उपासनेच्या संस्थेचे आताचे सचिव, आणि समितीवर पालकांचे प्रतिनिधी म्हणूनही तेच. हा माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं. तो दुष्ट नव्हता. सफरचंदं घेऊन आला, बाबांच्या पाया पडला, आणि म्हणाला, ‘काका, मी सहा-सात वर्षांचा होतो तेव्हा तुमचं वाचन ऐकलंय. अजून ऐकू येतं.’ बाबांनी हात हलवून ते उडवून लावलं, पण त्यांचे कान लाल झाले. जाताना दाराशी सचिव तिला हळू आवाजात म्हणाले, ‘ताई, वार्षिक सभा आठवड्यावर आलीय. काकांना वाचायला उभं करायची माझी फार इच्छा आहे. त्यांचं वय बघता, आता नाही तर कधी? पण ते पान पुस्तकात असताना मी लोकांना काय सांगू? आणि त्याच्या जागी तुम्हीच दुसरं तसलं काढून दिलंत, तर मग माझं तोंडच बंद. तेवढं पान जाऊ दे, बाकी माझ्यावर सोडा.’ ती म्हणाली, समिती ठरवेल. ‘समिती काय ठरवणार, ताई? समिती तुमच्याकडे बघणार.’ दार लावून ती आत आली तेव्हा बाबा सफरचंदाचं साल एका लांब पट्टीत काढत होते आणि तोंड फिरवून बसले होते. त्यांनी ऐकलं होतं हे उघड होतं. त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी आयुष्यात तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, पाणीसुद्धा स्वतः उठून घ्यायचे. आणि आज सकाळी ती चहा गाळत असताना न्हाणीघराच्या बंद दारामागून गुळण्यांचा आवाज आला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. वाचन असलं की आठवडाभर आधीपासून ते घसा साफ करायला लागायचे. इतक्या वर्षांत तो आवाज घरात झाला नव्हता. चहा गाळण्यातून खाली उतरत राहिला, कप भरून बशीत आला, बशीतून ओट्यावर. तिने फडका घेऊन ओटा पुसला. मग तयार होऊन कचेरीत आली.

सुट्टी संपायला आली तेव्हा ती परत निघाली. ह्या वेळी चालण्याकडे लक्ष द्यायचं नाही असं तिने ठरवलं, आणि ठरवल्यामुळे सगळं लक्ष तिकडेच गेलं. कचेरीच्या जिन्याला कठडा होता म्हणून निभावलं. वरच्या मजल्यावरच्या काचेत स्वतःला येताना पाहून तिला वाटलं, हे जे काही येतंय ते कुणी ठरवून केलेलं नसणार. गुडघे असे कुणी करत नाही. आणि लगेच असंही वाटलं, की आपोआप तरी असं कशाला होईल? दोन्ही गोष्टी सारख्याच अशक्य वाटल्या, आणि दोन्हींनी काही फरक पडला नाही. तिच्या खोलीतल्या टेबलावर एक कोरा कागद टाचून ठेवलेला होता. बाईंना हवं असलेलं चित्र काय आहे ते तिला कळलं होतं. तिने उभ्या उभ्या पेन्सिलने एक खोड काढलं, त्याला फांदी, फांदीला फांदी. हात पहिल्यासारखा चालत होता. एवढा एकच अवयव आपल्या ताब्यात राहिलाय, असं तिला वाटलं.

दुपारी बैठक पुन्हा बसली. बाई आणि सचिव एकमेकांसमोर होते, आणि चहा येईपर्यंत दोघं सभ्य होते. ‘मी विज्ञानाच्या विरोधात नाही,’ सचिव म्हणाले. ‘माझी मुलगी औषधाच्या कारखान्यात नोकरीला आहे. माझं म्हणणं एवढंच, की दहा-बारा वर्षांच्या पोराला आपण सांगणार, तू कुणाच्या मनात नव्हतास. असाच झालास. हे कशाला सांगायचं?’ बाई म्हणाल्या, ‘असाच नाही. निवड होत होत झाला.’ ‘कुणी निवडलं?’ ‘कुणी नाही.’ ‘हेच तर म्हणतोय मी.’ बाईंनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज उतरला. ‘माझ्याकडे कॉलेजात येतात ती मुलं. ज्यांच्या शाळेत हा धडा शिकवत नाहीत, ती येतात आणि पहिल्या तासाला माझ्याकडे अशी बघतात, की मी त्यांच्या आईला शिवी दिलीय. वर्ष जातं मला त्यांच्याशी नीट बोलायला. हा धडा गेला ना, तर मी काय करू, ते मला सांगा.’ सचिव म्हणाले, ‘ती मुलं घरी येतात तेव्हा आमच्याकडे कशी बघतात, ते तुम्ही पाहिलं नाहीत.’ तिला दोघांचंही पटलं. हे पटणं डोक्यात झालं. डोक्यातून ते खाली कुठे उतरलं नाही.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. ‘थोडक्यात काय, चित्र चुकीचं आहे ह्यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. इतकं एकमत मी ह्या खोलीत कधी पाहिलं नव्हतं.’ मग त्यांनी छपाईची अडचण मांडली. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापलं जातं. मधलं एक पान काढलं तर फर्मा अडतो. हा धडा चारच पानांचा. चित्र काढून टाकायचं तर त्याच्या जागी वेळेत दुसरं आलं पाहिजे. नाही आलं, तर चारही पानं काढायची आणि तिथे पाणी वाचवण्याचा धडा घालायचा. तो तयारच पडलाय, आणि पाण्याविरुद्ध कुणाचं काही म्हणणं नाही. फर्मा सोमवारी छपाईला जाणार. अध्यक्ष तिच्याकडे वळले. दिवसभरात पहिल्यांदाच कुणी तिच्याकडे प्रश्न घेऊन वळत होतं. ‘बाई म्हणतात तसं, झाडासारखं, फांद्यांचं चित्र. सोमवारपर्यंत होईल का हो? होत नसेल तर तसं सांगा, आमची काही जबरदस्ती नाही.’ देव आहे की नाही, माणूस कुणी केला की झाला, हे सगळं घरंगळत घरंगळत येऊन एका चित्रकाराच्या सवडीवर थांबलं होतं. तिला हसू यायला हवं होतं. ‘होत नाही’ म्हणायला काहीच लागणार नव्हतं. कुणी शंका घेतली नसती. तिचं वय झालं होतं, डोळ्यांची तक्रार सगळ्यांना माहीत होती. सचिव टेबलावरच्या आपल्या बोटांकडे पाहत होते, मुद्दाम तिच्याकडे न पाहता, आणि त्यात सभ्यपणा होता. बाई मात्र सरळ बघत होत्या, पण त्यांना काहीच माहीत नव्हतं. तिच्या कानात गुळण्यांचा आवाज होता. तिने तोंड उघडलं, आणि ‘होईल’ असं ऐकू आलं. ‘सोमवारी सकाळी देते.’

का म्हटलं, ते तिला तेव्हाही कळलं नाही आणि कचेरीतून घरी जातानाही कळलं नाही. उत्क्रांतीसाठी म्हटलं नव्हतं, बाईंसाठी तर नव्हतंच. त्या साधं थँक्यू न म्हणता गेल्या. सत्यासाठी म्हणावं, तर सत्य इतकी वर्षं तिच्या चित्रातून चुकीच्या हातापायांनी चालत होतं आणि तिचं काही अडलं नव्हतं. बहुधा चित्र होणार नाही असं तिने कुणाला आजवर सांगितलं नव्हतं, आणि तोंडाला ती सवय नव्हती, एवढंच असेल. जिन्यात सचिव भेटले. ते रागावले नाहीत. ‘तुमचं काम आहे, ताई. मी समजू शकतो,’ असं म्हणाले आणि थोडं थांबून, ‘काकांना मी काय सांगू?’ ती म्हणाली, मी सांगते. मग घरापर्यंतची वाट तिने पर्स पोटाशी धरून काढली. दुकानं उघडी होती, एका दुकानात टीव्हीवर कुणीतरी कुणाला तरी हरवत होतं, एक बाई फोनवर ‘मी काय मूर्ख आहे का?’ असं विचारत होती आणि उत्तर न ऐकता पुन्हा विचारत होती. तिला घरी जायचं नव्हतं. हे मात्र तिला स्पष्ट कळत होतं.

बाबा पुढच्या खोलीत बसले होते. कवळ्यांची फळी कधीच रिकामी झाली होती, आता तिच्यावर औषधं असायची. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी केली होती, आणि मांडीवर ग्रंथ उघडा होता. दिवसभर त्यांनी म्हणून पाहिलं असणार, आवाज मोकळा झालेला होता, नुसतं ‘आलीस?’ म्हणाले तरी खोलीला कळलं. ती चप्पल न काढताच त्यांच्यासमोर खुर्चीवर बसली. ‘बाबा, ते चित्र गेलं,’ ती म्हणाली. ‘बरं.’ ‘पण त्याच्या जागी दुसरं येणार आहे. मीच काढणार आहे. मी हो म्हणून आले.’ बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. सचिव काय म्हणाले होते, ते दोघांनाही पाठ होतं. पुन्हा म्हणायची गरज नव्हती. पंखा फिरत होता. ग्रंथाचं पान उचललं जायचं आणि पुन्हा बसायचं. ‘कसलं चित्र?’ बाबांनी विचारलं. ‘झाडाचं. सगळे प्राणी फांद्यांच्या टोकांना.’ ‘माणूस?’ ‘तोही. एका बारीक फांदीला.’ ‘सगळ्यांत वर?’ ‘वर-खाली काही नसतं त्यात. सगळे सारखेच टोकाला.’ ‘चेहरा वगैरे?’ ‘नाही, बाबा. नुसता ठिपका.’ ‘म्हणजे ह्या खेपेला उभं राहायला नको,’ ते म्हणाले. हा विनोद होता. तिला कळलं की हा विनोद आहे, आणि तोंडावर हसू आणायला हवं. ते तिने आणलं.

‘बस,’ बाबा म्हणाले, खरं तर ती बसलेलीच होती. त्यांनी घसा खाकरला, पाठ ताठ केली आणि पहिला अध्याय म्हणायला सुरुवात केली. ‘कर्त्याने आधी जागा केली. मग जागेत उजेड ठेवला, आणि उजेडाला सावली दिली, म्हणजे त्याला एकटं वाटू नये.’ तोच आवाज. खालून येणारा, भिंतींना लागून परत येणारा, एवढ्याशा खोलीत मावत नसलेला. ती समोर बसून ऐकत होती, दुसरं कुणी नव्हतं. पाणी झालं, पाण्याची हद्द झाली, गवत झालं. त्यातला एक शब्दही तिला खरा वाटत नव्हता आणि एकही शब्द वेगळा असावा असं वाटत नव्हतं. ‘सापाला त्याने सरपटणं दिलं. माशाला पोहणं दिलं. पाखराला उडणं दिलं. मुंगीला ओझं दिलं, आणि ओझं उचलायची ताकद त्याहून थोडी जास्त दिली.’ इथे बाबा थांबले. श्वास घ्यायला थांबले असतील, असं तिला वाटलं. ते पुढे बोलेनात. समोर बघत होते, तिच्याकडेही नाही, तिच्या थोडं बाजूला. पंख्याचा आवाज तेवढा होता. पुढची ओळ माणसाची होती. लहानपणापासून ऐकलेली, न मागता तोंडात येऊन बसलेली. ती एवढीशी ओळ बाबांना आठवत नव्हती. ती थांबली, आणखी थांबली, आणि मग तिनेच हळू सांगितलं, ‘आणि माणसाला त्याने काहीच दिलं नाही. फक्त मागायला शिकवलं.’

‘हां,’ बाबा म्हणाले. त्यांनी ती ओळ तिच्यामागून म्हटली, मोठ्या आवाजात, आणि मग अध्यायाचा उरलेला भाग सलग, कुठेही न अडता, शेवटपर्यंत म्हटला. मग ते खुर्चीत मागे टेकले. ‘बघितलंस ना?’ ते म्हणाले, आता साध्या, रोजच्या आवाजात. ‘आठवत नाही हल्ली. भर सभेत असं झालं असतं तर शोभा झाली असती. सचिवांना मीच फोन करून सांगतो. म्हणावं, माझ्याच्याने होणार नाही, दुसरं कुणी बघा. तू त्यात पडू नकोस. तुझं चित्र कर.’ ती त्यांना म्हणणार होती, की आठवलं नाही तर काय झालं, पाहून वाचा, सगळेच पाहून वाचतात. म्हणून तिने त्यांच्या मांडीवर पाहिलं. ग्रंथ उघडाच होता, चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता, आणि बाबांचा अंगठा त्या ओळीच्या बरोबर खाली टेकलेला होता, माणसाच्या. तिला रडू आलं. सकाळपासूनचं सगळं एकदम आलं, हात, पाय, गाल, घसा, सगळं पुन्हा तिचं झालं आणि सगळं दुखलं. बाबांनी अंगठा काढून ग्रंथ मिटला. ‘काय झालं गं?’ त्यांनी विचारलं. ‘काही नाही,’ ती म्हणाली. ‘करा फोन.’